पावसावर चिडलेली गाणी

आपल्याकडे गाण्यात पावसावर कुणी चिडत नाही. एरवी रोज चिडतो: लोकल रखडली की, कपड्यांना कुबट वास यायला लागला की, गॅलरीत पाणी साचलं की. पण गाणं म्हटलं की पाऊस एकदम लाडका होतो. मल्हार येतो, मोर येतात, माहेर येतं, सखा येतो नाहीतर येता येता राहतो. त्यामुळे अ‍ॅन पीबल्सचं ‘आय कान्ट स्टँड द रेन’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आधी गंमतच वाटली. एक बाई चक्क सांगतेय की बाई गं, हा पाऊस मला सहन होत नाहीये. खिडकीवर त्याचं जे टपटप चाललंय ते थांबव कुणीतरी, कारण त्याने नको ते सगळं आठवतंय.

गाणं १९७३ चं, अमेरिकेतल्या मेम्फिसचं. त्याची जन्मकथाही अशीच घरगुती आहे. कुठल्याशा कार्यक्रमाला निघायची तयारी झालेली, आणि बाहेर धो धो सुरू झालं. अ‍ॅन वैतागून जे बोलली तेच गाण्याचं नाव झालं. सोबत डॉन ब्रायंट होता. तो हाय रेकॉर्ड्स या कंपनीचा नेमलेला गीतकार, रोज नवीन गाण्याच्या शोधात असणारा माणूस. तो थेट पियानोवर जाऊन बसला. बर्नार्ड मिलर नावाचा तिथला रेडिओवाला मित्रही होता. तिघांनी मिळून त्याच रात्री गाणं पुरं केलं. पुढच्या वर्षी अ‍ॅन आणि डॉनचं लग्न झालं.

गाण्याची सुरुवात हेडफोन लावून ऐका. आधी नुसते थेंब पडतात, प्रत्येक थेंबाला वेगळा सूर. इलेक्ट्रिक टिंबालेस हे त्या वेळी नवं असलेलं वाद्य, निर्माता विली मिचेलने ते इथे असं वापरलंय की आवाज ओला असूनही कोरडा वाटतो. मग बास आणि ड्रम्स येतात, आणि तेही जेवढ्यास तेवढे. आणि मग अ‍ॅन. ती किडमिडीत बाई होती, पण आवाजाला जरा खरखर आहे, आणि ती तो आवाज कुठेही फेकत नाही. ओरडायच्या सगळ्या संधी समोर असताना ती ओरडत नाही. चिडलेलं माणूस दात दाबून बोलतं तसं गाते. अडीच मिनिटांत गाणं संपतं आणि पाऊस काही थांबलेला नसतो.

हे सगळं घडलं त्या रॉयल स्टुडिओत पूर्वी सिनेमाचं थिएटर होतं. थिएटरची उतरती जमीन मिचेलने तशीच ठेवली, म्हणजे वादक उतारावर बसून वाजवायचे. त्याच जमिनीवर, त्याच वादकांबरोबर, त्याच वर्षांत अल ग्रीन गात होता. अल ग्रीन जगभर पोचला. अ‍ॅनचं गाणंही पोचलं म्हणा. जॉन लेननने त्याची तोंड भरून स्तुती केली होती. पण आमच्या पिढीला ते भेटलं टीना टर्नरच्या १९८४ च्या ‘प्रायव्हेट डान्सर’च्या कॅसेटवर, आणि नंतरच्या मुलांना मिसी एलियटच्या १९९७ च्या रॅपमध्ये. टीनाचं गाणं वाईट मुळीच नाही. फक्त ते ऐकताना पावसाचा त्रास होतोय असं वाटत नाही.

सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं हे संगीत, त्याच्याकडे मी आले ती बहुतेकांसारखीच, अरीथा फ्रँकलिनच्या दारातून. काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमध्ये एक संग्रहाची सीडी घेतली होती. दुकान २०१६ मध्ये बंद झालं, सीडी अजून आहे. त्यात जलद गाणी होती तशी संथही होती, आणि माझा जीव संथ गाण्यांवर जडला. या गाण्यांच्या लयीला आपला कान सहज रुळतो, कारण एका ठोक्याचे तीन तुकडे होतात आणि पियानो ते तीन तुकडे सावकाश मोजत राहतो. बोटांनी दादरा धरून बघा, बऱ्याच गाण्यांत छान बसतो. वरची गायकी चर्चमधली: एक ओळ घ्यायची, मोडायची, परत घ्यायची, प्रत्येक वेळी एखादा शब्द जरा जास्त ताणायचा, आणि मागच्या बायकांनी तिला ‘हो, खरंय’ म्हणत राहायचं. ठुमरीवर वाढलेल्या माणसाला हे काही शिकवावं लागत नाही.

त्या सीडीवर १९६८ चं ‘एन्ट नो वे’ होतं. मला वाटतं, अरीथाने गायलेलं सगळ्यात सुंदर संथ गाणं हेच. त्यात तिच्या मागे, खूप वर, एक आवाज आहे. शब्द नाहीत, नुसता चढत जाणारा स्वर. तो कुणाचा हे मला कळायला पुष्कळ काळ गेला. तो सिसी ह्यूस्टनचा, म्हणजे व्हिटनीच्या आईचा. आणि गाणं लिहिलंय अरीथाची धाकटी बहीण कॅरोलिन हिने. थोरली बहीण अर्मा, तीही गायिका. ‘रिस्पेक्ट’मध्ये मागे जो कोरस आहे त्यात अर्मा आणि कॅरोलिन दोघी आहेत. एका घरात तिघी गाणाऱ्या, आणि जगाने एकीचं नाव घेऊन पुढे जायचं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मीनाताई आणि उषाताईंची गाणी आपण गुणगुणतो आणि नाव विचारलं की अडखळतो, तसंच.

पण अर्माची गोष्ट नुसत्या सावलीची नाही. १९६७ मध्ये तिने ‘पीस ऑफ माय हार्ट’ गायलं. हो, तेच. ते गाणं जॅनिस जॉप्लिनचं आहे असं मी ठामपणे समजत होते, तुम्हीही समजत असाल. जॅनिसने ते वर्षभराने, १९६८ मध्ये, आपल्या बँडबरोबर गायलं आणि ते तिचंच होऊन बसलं. ते रेडिओवर लागलं तेव्हा अर्माला स्वतःचं गाणं आधी ओळखूच आलं नव्हतं. दोन्ही ओळीने ऐकली की कारण कळतं. जॅनिस पहिल्या क्षणापासून जखमी आहे. अर्मा मात्र शांतपणे हिशेब मांडते: एवढं दिलं, हे घेतलंस, अजून हवंय का, घे. ज्या बाईने असा हिशेब खरोखर मांडून पाहिलाय तीच हे इतक्या सरळ आवाजात गाऊ शकते. तिला त्यासाठी ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मग निर्माता बर्ट बर्न्स त्याच वर्षाच्या शेवटी वारला आणि तिच्या मागे उभं राहणारं कुणी उरलं नाही. पुढे तिने डेट्रॉइटमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत वर्षानुवर्षं नोकरी केली. १९९२ मध्ये इंग्लंडात जीन्सच्या एका जाहिरातीत तिचं मूळ गाणं वाजलं आणि पंचवीस वर्षांनी ते तिथल्या पहिल्या दहांत जाऊन बसलं. जाहिरातवाल्यांच्या कानाला दाद द्यावी, एवढंच.

बर्न्सबरोबर ते गाणं लिहिणारा दुसरा माणूस जेरी रॅगोव्हॉय. फिलाडेल्फियाचा गोरा पोरगा, मोठमोठ्याने रडणाऱ्या चर्चच्या गायकीने वेडावलेला. माझ्या आवडत्या संथ गाण्यांच्या याद्या बघितल्या की हा माणूस पुन्हा पुन्हा कोपऱ्यात उभा दिसतो. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रँक सिनात्राचं एक रेकॉर्डिंग ऐन वेळी रद्द झालं. शेहेचाळीस वादकांचा ताफा ठरलेला, पैसे तर द्यावेच लागणार. कंपनीने रॅगोव्हॉयला विचारलं, तुझ्याकडे काही आहे का? त्याच्याकडे लोरेन एलिसन होती. गॉस्पेल म्हणजे चर्चची गाणी गाणारी फिलाडेल्फियाची बाई, नाव कुणाला फारसं माहीत नसलेली. सिनात्रासाठी बोलावलेल्या त्या व्हायोलिनांसमोर तिला उभं केलं आणि ‘स्टे विथ मी’ ध्वनिमुद्रित झालं.

हे गाणं मी इतरांसमोर लावत नाही. एकदा चारचौघांत लावलं होतं, तर कुणीतरी विचारलं, ‘हिला काय झालंय?’ प्रश्न अगदी रास्त होता. सुरुवातीला ती जवळजवळ बोलतेच, खालच्या पट्टीत, समजूत घातल्यासारखी. तू कुठे गेलास, मी नव्हते का तुझ्याजवळ, असं. वाद्यंही दबकून असतात. मग धृपदावर सगळा ताफा एकदम तुटून पडतो आणि लोरेन त्याच्याही वर जाते. तिथे जे ऐकू येतं त्याला सुरेल म्हणायचं की नाही मला ठरवता येत नाही. गळा फाटेल अशी भीती वाटते. पण पुढच्या कडव्याला ती परत खाली, आणि बेसूर कुठेही नाही! म्हणजे हा सगळा उद्रेक तिच्या ताब्यात होता. हे लक्षात आल्यावर मी ते गाणं वेगळ्या कानाने ऐकायला लागले. पुढे १९७९ मध्ये बेट मिडलरने ‘द रोझ’ या सिनेमात ते गायलं, लोरेनची दुसरी दोन-चार गाणी इतरांनी उचलली, आणि लोरेन स्वतः १९८३ मध्ये वारली.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. या बायकांवर लिहिणारे बहुतेकजण रेकॉर्ड जमवणारे पुरुष आहेत, आणि त्यांना शोकांतिका फार आवडते. दुर्लक्षित, उपेक्षित, काळाच्या पडद्याआड, अशी विशेषणं लावली की त्यांनी शोधलेल्या रेकॉर्डचाही भाव वाढतो. लिंडा जोन्सबद्दल वाचायला जा, पहिल्या ओळीत मृत्यू. मृत्यू खराच आहे: मधुमेहाची रुग्ण, १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधल्या कार्यक्रमांच्या दिवसांत, दुपारच्या आणि रात्रीच्या खेळाच्या मधे बेशुद्ध पडली ती गेलीच, वय सत्तावीस. पण १९६७ च्या ‘हिप्नोटाइज्ड’मध्ये ती एकेका शब्दाचे जे तुकडे करते, एका अक्षरावर सात-आठ स्वर फिरून परत जागेवर येते, त्याबद्दल त्या लेखात दोन ओळी सापडतील तर शपथ. काहींना ते अतिरेकी वाटतं. मलाही कधीकधी वाटतं. पण अतिरेकी गाण्यावर भांडावं, तेवढा मान तरी गायिकेला द्यावा. नुसती हळहळ कशाला?

आणि दुर्लक्षित म्हणजे कुणाकडून, हाही प्रश्न आहेच. अर्मा थॉमसला दुर्लक्षित म्हणून बघा न्यू ऑर्लिन्समध्ये. (ही दुसरी अर्मा. इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, उच्चार तोच, त्यामुळे माझ्या फोनवरच्या गाण्यांच्या यादीत दोघींची कायम गल्लत होते.) त्या गावात ती सोलची राणी आहे, आणि ही पदवी तिला कुणा पाश्चात्त्य समीक्षकाने दिलेली नसून गावाने दिलेली आहे.

अर्मा १९४१ ची. चौदाव्या वर्षी पहिलं मूल, एकोणिसाव्या वर्षापर्यंत दोन लग्नं आणि चार मुलं. एका क्लबमध्ये ग्लास-बाटल्या पोचवायचं काम करत होती, आणि मधेच बँडबरोबर गाते म्हणून मालकाने काढून टाकलं. बँडवाला टॉमी रिजली शहाणा निघाला, त्याने तिला रेकॉर्ड कंपनीकडे नेलं. नंतर तिला अ‍ॅलन टूसाँ भेटला. आईवडिलांच्या घरात पियानोशी बसून गावातल्या गायकांसाठी गाणी करणारा हा तरुण पुढे फार मोठा झाला, पण त्या वेळी आईच्या माहेरच्या नावावरून केलेल्या ‘नेओमी नेव्हिल’ या नावाने गाणी लिहीत होता. १९६२ चं ‘इट्स रेनिंग’ त्या जोडीचं.

परत पाऊस! पण हा मेम्फिसच्या आधीचा, आणि वेगळा. इथे कुणी चिडलेलं नाही. मागच्या मुली थेंबांचा आवाज काढतात, पियानो ते तीन तुकडे मोजत राहतो, आणि अर्मा खिडकीशी बसून वाट बघते. तिच्या आवाजात कुठेही दया मागणं नाही, हे मला दर वेळी नव्याने जाणवतं. कुणी आलं तर बरं, नाही आलं तर स्वयंपाक उरेल, एवढ्या साधेपणाने ती एकटेपण सांगते. खालचे स्वर तर असे भरदार आणि उबदार की एकवीस वर्षांच्या मुलीचा हा आवाज आहे हे खरं वाटू नये. जिम जारमुशच्या ‘डाउन बाय लॉ’ या १९८६ च्या सिनेमात एका सकाळी दोन माणसं या गाण्यावर नुसती डोलतात, गावाबाहेरच्या एका खानावळीत. त्या सिनेमातलं बाकी मी बरंचसं विसरले.

तिची गाणी कुठे कुठे गेली ते बघायचं तर एक वही लागेल. १९६३ चं ‘रूलर ऑफ माय हार्ट’ ओटिस रेडिंगने शब्द बदलून ‘पेन इन माय हार्ट’ म्हणून गायलं. १९६४ चं ‘टाइम इज ऑन माय साइड’ हे परत रॅगोव्हॉयचं. ते अर्माच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला होतं, आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनी उचललं. अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेलं स्टोन्सचं पहिलं गाणं ते. मग असं व्हायला लागलं की अर्मा मंचावर ते गायची आणि लोक म्हणायचे, वा, स्टोन्सचं गाणं काय छान गाता तुम्ही! तिने ते गाणंच सोडून दिलं. कित्येक वर्षं गायलं नाही. मला हा राग फार आवडतो. त्याच रेकॉर्डच्या पहिल्या बाजूचं गाणं माझ्या भाच्याला तोंडपाठ आहे, कारण ‘ब्लॅक मिरर’ मालिकेत ते सारखं कुठून तरी ऐकू येतं. गाणाऱ्या बाईचं नाव? ‘ते तू सांग ना मावशी.’

१९६९ मध्ये कॅमिल नावाचं चक्रीवादळ आलं आणि ज्या किनाऱ्यावरच्या क्लबांत ती गायची तिथलं कामच बुडालं. कॅलिफोर्नियाला जाऊन तिने एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी धरली. पण गाणं सुटलं नाही. पुढे ती परतली, नवऱ्याबरोबर ‘लायन्स डेन’ नावाचा स्वतःचा क्लब चालवला. साठीला आली तेव्हा २००१ मध्ये कम्युनिटी कॉलेजची पदवीही घेतली. २००५ मध्ये कट्रीना वादळाने घर आणि क्लब दोन्ही पाण्याखाली गेले. ती त्या वेळी कार्यक्रमासाठी टेक्सासात होती, आणि इकडे ती बेपत्ता आहे अशी आवई उठली. त्यानंतर काही महिन्यांतच लुइझियानातच ध्वनिमुद्रित केलेल्या ‘आफ्टर द रेन’ या अल्बमला २००७ मध्ये ग्रॅमी मिळाली. तिची ती पहिलीच. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला पहिलं ग्रॅमी देणाऱ्यांना उशीर झाला, तिला नाही.

मे २०२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ फेस्टमध्ये रोलिंग स्टोन्स आले होते, त्यांनी तिला मंचावर बोलावलं. मिक जॅगर ऐंशीचा, ती त्र्याऐंशीची, गाणं तेच. साठ वर्षांनी. व्हिडिओ सगळीकडे आहे. लोक भावुक होतात, मीही थोडी झाले. पण गाणं म्हणून विचाराल तर १९६४ ची तिची एकटीची रेकॉर्ड लावा. त्यात ती धमकी देत नाही, फुशारकी मारत नाही. तू परत येशीलच, असं ती इतक्या थंडपणे म्हणते की ज्याला उद्देशून म्हणतेय त्याने घाबरावं.

बार्बरा लिनबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिला सांगण्यापेक्षा बघायला हवं. टेक्सासच्या बोमाँटची, डावखुरी, हातात इलेक्ट्रिक गिटार, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी. हे सगळं १९६२ मध्ये, जेव्हा मुलींना मायक्रोफोनसमोर तीनच्या रांगेत उभं करायची पद्धत होती. ‘यू विल लूज अ गुड थिंग’ हे तिने विशीच्या आत लिहिलेलं संथ गाणं. मला सोडलंस तर नुकसान तुझं, एवढाच त्याचा मुद्दा. ते आर अँड बीच्या, म्हणजे काळ्या श्रोत्यांच्या आवडीच्या गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. टीव्हीवरचे तिचे त्या काळातले कृष्णधवल तुकडे सापडतात, त्यात तिचा उजवा हात बघा. अजिबात घाई नाही.

आणि बेटी लव्हेट. ती चर्चमध्ये गाऊन मोठी झाली नाही, हे आधी सांगून टाकते, कारण सोलची प्रत्येक गायिका चर्चमधूनच यायला हवी असा एक समज आहे. मिशिगनमधल्या तिच्या घराच्या बैठकीत ज्यूकबॉक्स होता आणि आईवडील घरीच दारू विकायचे. तिची शाळा ती. सोळाव्या वर्षी, १९६२ मध्ये, पहिली रेकॉर्ड गाजली. १९६५ मध्ये ‘लेट मी डाउन ईझी’. १९७२ मध्ये अटलांटिक कंपनीसाठी अलाबामातल्या मसल शोल्सला जाऊन तिने पूर्ण अल्बम केला, आणि कंपनीने तो कपाटात ठेवून दिला. कारण तिला कुणी सांगितलं नाही. पुढची वर्षं तिने क्लबांत, संगीत नाटकाच्या दौऱ्यांत, जिथे मिळेल तिथे गाऊन काढली. २००० मध्ये जिल पेतार नावाच्या एका फ्रेंच संग्राहकाने तो अल्बम शोधून प्रसिद्ध केला (मघाशी संग्राहकांवर तोंडसुख घेतलं, त्यातून याला वगळते). मग गाडी रुळावर आली. २००५ मध्ये तिने फक्त स्त्रियांनी लिहिलेल्या गाण्यांचा अल्बम केला. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीआधीच्या कार्यक्रमात लिंकन स्मारकासमोर ती सॅम कुकचं गाणं गायली. वय बासष्ट.

‘लेट मी डाउन ईझी’ मात्र ती सोडत नाही. मोडायचंच असेल तर जरा हळू मोड, अशी ती विनवणी आहे. १९६५ च्या रेकॉर्डवर व्हायोलिनं आहेत, आणि एकोणीस वर्षांची मुलगी खरोखर विनवते. २००० च्या सुमाराच्या हॉलंडमधल्या मैफलीत तेच गाणं तिने पुष्कळ लांबवलंय. आवाज तोवर खरखरीत झालेला, वरचे स्वर तिने सोडून दिलेले, शब्दांच्या मधे ती इतका वेळ थांबते की वादकही थबकतात. त्या थांबण्यात विनवणी संपून तंबी सुरू झाल्यासारखी वाटते. माझी मैत्रीण पहिलं गाणं श्रेष्ठ मानते, तरुण आवाजाची लकाकी परत येत नाही म्हणते. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. यावर आमचं अजून मिटलेलं नाही.